महाराष्ट्रातील परदेशी विद्यार्थी आणि स्थानिक समाज

महाराष्ट्रात शिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकडे पाहण्याची स्थानिक समाजाची दृष्टी एकसारखी नाही. महाविद्यालयात पाहुणा, दुकानात गिऱ्हाईक, गृहनिर्माण संस्थेत जोखीम आणि पोलिसांच्या दप्तरात एक नोंद अशा वेगवेगळ्या रूपांत हा विद्यार्थी समाजासमोर येतो. त्या त्या ठिकाणी त्याला मिळणारी वागणूकही वेगवेगळी असते. पुणे हे राज्यातील परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमुख केंद्र होय. मुंबई आणि तिच्या लगतची मीरा-भाईंदरसारखी निवासी शहरे यांतही या संबंधांची निराळी रूपे दिसतात. विद्यार्थ्याचा देश, वर्ण, भाषा आणि आर्थिक स्थिती यांवर त्याचे स्वागत मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

व्याप्ती

केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० या वर्षात भारतात १६८ देशांतील ४९,३४८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत नेपाळच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे २८ टक्के, तर अफगाणिस्तानच्या विद्यार्थ्यांचे सुमारे ९ टक्के होते. त्यांच्या खालोखाल बांगलादेश, भूतान आणि सुदान या देशांचा क्रम लागत होता. भारतात येणारे बहुसंख्य परदेशी विद्यार्थी आशिया आणि आफ्रिका खंडांतील विकसनशील देशांचे असतात, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

कायद्याच्या दृष्टीने परदेशी कोण आणि लोकांच्या दृष्टीने परदेशी कोण, या दोन गोष्टी मात्र सारख्या नाहीत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकांना भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही. चेहरा, हिंदीचे ज्ञान आणि जुना परिचय यांमुळे नेपाळी विद्यार्थी महाराष्ट्रात फारसा परका मानला जात नाही. याउलट मणिपूर, नागालँड किंवा मिझोरमहून आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना मात्र ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ असे विचारले जाते. ईशान्य भारतातील नागरिकांना इतर राज्यांत येणाऱ्या अशा अनुभवांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये बेझबरुआ समिती नेमली होती. परकेपणाची लोकमानसातील सीमा देशाच्या सीमेशी जुळतेच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची स्थापना १९५० मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या पुढाकाराने झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई आणि आफ्रिकी देशांतील तरुणांना शिष्यवृत्ती देऊन भारतात शिकण्याची संधी मिळवून देणे हा परिषदेच्या कार्याचा महत्त्वाचा भाग ठरला. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले होते. फर्ग्युसन महाविद्यालयासारख्या जुन्या संस्था, कमी खर्च, सौम्य हवामान आणि इंग्रजी माध्यमातील उच्च शिक्षण यांमुळे परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ पुण्याकडे वळला. पूर्व आफ्रिका, मॉरिशस, इराण, येमेन, सुदान, अफगाणिस्तान अशा देशांतील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या या शहरात शिकून गेल्या. १९७९ च्या क्रांतीपूर्वी आणि नंतरही पुण्यातील परदेशी विद्यार्थ्यांत इराणी विद्यार्थी लक्षणीय संख्येने होते.

पुण्याच्या विद्याक्षेत्राला परदेशी अभ्यासकांचा परिचय त्याआधीपासूनच होता. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जगभरातील संस्कृत पंडितांचा राबता असे. मात्र ग्रंथालयात येणारा अभ्यासक आणि पेठेत किंवा उपनगरात भाड्याची खोली शोधणारा विशीतील विद्यार्थी यांचा समाजाशी येणारा संबंध वेगळा असतो. पुढील सर्व प्रश्न प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या संबंधातून निर्माण झाले.

सिंबायोसिसची स्थापना

परदेशी विद्यार्थ्यांच्या एकटेपणाची दखल घेऊन उभी राहिलेली संस्था म्हणून पुण्यातील सिंबायोसिसचा उल्लेख केला जातो. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते. त्यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, एक मुलगी वसतिगृहातील एका खोलीच्या खिडकीतून काहीतरी आत देत असल्याचे त्यांना दिसले. शिस्तभंगाचा संशय येऊन त्यांनी चौकशी केली. तेव्हा आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी असून त्याला खाणावळीपर्यंत जाण्याचेही त्राण नाही आणि ती मुलगी त्याच्यासाठी जेवण आणून देते, असे समजले. या प्रसंगाने अस्वस्थ होऊन त्यांनी परदेशी व भारतीय विद्यार्थ्यांना एकत्र आणणारे केंद्र सुरू करण्याचा विचार केला. १९७१ मध्ये सिंबायोसिसची स्थापना झाली. दोन भिन्न सजीवांचे परस्परांना उपकारक असे सहजीवन, हा या जीवशास्त्रीय संज्ञेचा अर्थ आहे. संस्थेने ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे ब्रीदवाक्य स्वीकारले. पुढे या केंद्राचा विस्तार होऊन अनेक महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठ अस्तित्वात आले.

ही घटना स्थानिक समाजाच्या वृत्तीची दोन्ही अंगे दाखवते. आजारी विद्यार्थी शहराच्या मध्यवस्तीत असूनही एकटा होता आणि त्याच्याकडे जाणारी मदत प्रथमदर्शनी संशयास्पद वाटली. चौकशीनंतर मात्र त्याच संशयाची जागा आपुलकीने घेतली.

निवासाचा प्रश्न

परदेशी विद्यार्थ्यांची परीक्षा वर्गात होते त्याहून अधिक ती घर शोधताना होते. वसतिगृहांतील जागा मर्यादित असल्याने अनेकांना खासगी सदनिका भाड्याने घ्याव्या लागतात. अशा वेळी इस्टेट एजंट प्रथम देश विचारतो. घरमालकाची तयारी असली तरी सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांची हरकत आड येते. काही ठिकाणी अधिक अनामत रक्कम किंवा वाढीव भाडे मागितले जाते. रात्री उशिरापर्यंत चालणारी ये-जा, पाहुणे, मोठ्या आवाजातील संगीत, मांसाहार आणि मद्यपान या रहिवाशांच्या नेहमीच्या तक्रारी असतात. यांतील काही तक्रारी वस्तुस्थितीला धरून असतात. मात्र त्याच प्रकारच्या वर्तनाबद्दल स्थानिक तरुणांना आणि परदेशी तरुणांना सारखेच जबाबदार धरले जात नाही.

भाडेव्यवहाराची कायदेशीर चौकट अशी आहे : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. परदेशी व्यक्तीला निवास देणाऱ्याने तिच्या आगमनाची माहिती ‘फॉर्म सी’ द्वारे चोवीस तासांच्या आत नोंदवणे आवश्यक असते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने आगमनानंतर चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास आणि विदेशी व्यक्तीविषयक अधिनियमाने १९४६ च्या विदेशी व्यक्ती अधिनियमासह चार जुन्या कायद्यांची जागा घेतली. निवास देणारे आणि शिक्षणसंस्था या दोघांवरही त्यात माहिती देण्याचे दायित्व आहे.

या तरतुदींपैकी कोणतीही तरतूद परदेशी विद्यार्थ्याला घर देण्यास मनाई करत नाही. तथापि कागदपत्रांची माहिती नसलेल्या घरमालकाला त्यांची धास्ती वाटते आणि ‘नसती भानगड नको’ म्हणून तो नकार देतो. त्यामुळे नकारामागे दर वेळी द्वेष असतोच असे नाही. अनेकदा त्यामागे अज्ञान आणि पोलीस ठाण्याची भीती असते. घर नाकारल्या गेलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र दोहोंचा परिणाम एकच होतो. नोंदणीकृत करार मिळाला नाही तर निवासाचा पुरावा मिळत नाही आणि तो नसल्यास परदेशी नागरिक म्हणून करावयाची नोंदणी अडते. अशा रीतीने कायद्याच्या भीतीने दिलेला नकार विद्यार्थ्यालाच कायद्याच्या अडचणीत लोटतो.

आर्थिक संबंध

परदेशी विद्यार्थी शहरात पैसा आणतात, ही जाणीव स्थानिक व्यावसायिकांना असते. घरमालक, खाणावळी, डबेवाले, झेरॉक्सची दुकाने, रिक्षाचालक आणि भाषावर्ग यांना त्यांच्यापासून उत्पन्न मिळते. ‘परदेशी म्हणजे श्रीमंत’ ही समजूतही त्यातूनच दृढ होते. वस्तुतः विद्यार्थी व्हिसावर नोकरी करण्याची मुभा नसते आणि बहुतेकांचा खर्च घरून येणाऱ्या पैशांवर किंवा शिष्यवृत्तीवर चालतो. मायदेशी युद्ध पेटले किंवा चलन घसरले की हा आधार तुटतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूलचा ताबा घेतल्यानंतर भारतातील अफगाण विद्यार्थ्यांवर असा प्रसंग आला. सुट्टीसाठी मायदेशी गेलेल्यांपुढे त्याहून मोठे संकट उभे राहिले, कारण भारताने अफगाण नागरिकांना पूर्वी दिलेले व्हिसा त्याच महिन्यात रद्द ठरवले. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धामुळे सुदानी विद्यार्थ्यांचीही अशीच कोंडी झाली. भाडे थकवणारा भाडेकरू आणि देश हरवलेला विद्यार्थी या एकाच माणसाच्या दोन बाजू असू शकतात.

स्थानिक पालकांत ‘परदेशी मुले आपल्या जागा घेतात’ अशीही भावना अधूनमधून व्यक्त होते. प्रत्यक्षात विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी अधिसंख्य जागांची तरतूद केली आहे. २०२२ मध्ये अशा जागांची मर्यादा मंजूर प्रवेशसंख्येच्या २५ टक्क्यांपर्यंत ठरवण्यात आली. या जागा मंजूर प्रवेशसंख्येव्यतिरिक्त असल्यामुळे स्थानिक विद्यार्थ्यांच्या जागा त्यांच्यामुळे कमी होत नाहीत.

भाषा आणि शेजार

भाषा हा आपलेपणाचा सर्वांत प्रभावी पूल ठरला आहे. मराठी शिकलेल्या परदेशी अभ्यासकांना महाराष्ट्राने मनापासून स्वीकारल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सिन बर्नसन १९६६ मध्ये भाषाशास्त्रीय संशोधनासाठी फलटणला आल्या, पुढे तेथेच राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. फलटणमधील ‘प्रगत शिक्षण संस्था’ त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. गेल ऑम्वेट यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला. त्या सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे स्थायिक झाल्या आणि १९८३ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. एलिनॉर झेलियट, अ‍ॅन फेल्डहाउस आणि गुंथर सोन्थायमर यांचाही मराठी अभ्यासविश्वात आदराने उल्लेख होतो.

या उदाहरणांवरून निष्कर्ष काढताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे, हे अभ्यासक महाराष्ट्राचाच अभ्यास करण्यासाठी आले होते. त्यामुळे मराठी शिकणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. संगणकशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र किंवा वाणिज्य शिकणाऱ्या येमेनी वा केनियन विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात मराठीला स्थान नसते. दुसरी म्हणजे, युरोप-अमेरिकेतील गोऱ्या पाहुण्याने मोडके मराठी बोलले तरी त्याचे कौतुक होते. तेच मराठी आफ्रिकी विद्यार्थ्याच्या तोंडी असता ते प्रत्येक वेळी तितक्याच उत्सुकतेने ऐकले जात नाही. तरीही भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतके मराठी किंवा हिंदी आले की व्यवहार सुकर होतो. गणेशोत्सव, दिवाळीचा फराळ आणि वाड्या-वसाहतींतील क्रिकेट यांतून शेजाराची ओळख वाढते, हेही खरे आहे.

वर्णविषयक पूर्वग्रह

आफ्रिकी विद्यार्थ्यांना सहन करावा लागणारा वर्णभेद हा या विषयाचा सर्वांत गंभीर भाग आहे. गोरेपणाला सौंदर्याशी जोडणारी समजूत मराठी समाजातही खोलवर रुजलेली असून विवाहाच्या जाहिरातींत ती उघडपणे दिसते. तिचाच विस्तार रस्त्यावरच्या टोमण्यांत, रोखून पाहण्यात आणि परवानगी न घेता छायाचित्र काढण्यात होतो. आफ्रिकेतील चोपन्न देशांचे नागरिक सरसकट ‘नायजेरियन’ म्हणून ओळखले जातात आणि हे नाव अमली पदार्थांच्या गुन्ह्यांशी जोडले जाते. टांझानियाच्या विद्यार्थ्याला किंवा रवांडाच्या विद्यार्थिनीला त्यामुळे दुसऱ्या देशातील अनोळखी माणसाच्या गुन्ह्याचा जाब द्यावा लागतो.

वास्तविक महाराष्ट्राचा आफ्रिकेशी असलेला संबंध अनेक शतकांचा आहे. ‘हबशी’ हा मराठी शब्द ‘हबश’ म्हणजे अ‍ॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) या प्रदेशनामावरून आला आहे. गुलाम म्हणून भारतात आणला गेलेला मलिक अंबर (मृत्यू १६२६) निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले आणि त्याची जमीन-महसूल पद्धत दीर्घकाळ नावाजली गेली. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत अस्तित्वात होते. शालेय इतिहासात ही नावे येतात; मात्र वर्गात भेटणाऱ्या आफ्रिकी सहाध्यायाशी त्यांचा संबंध सहसा जोडला जात नाही.

पूर्वग्रहाला अफवेची जोड मिळाली की त्याचे रूपांतर हिंसेत होऊ शकते, हे इतर राज्यांतील घटनांनी दाखवून दिले आहे. ३१ जानेवारी २०१६ रोजी बेंगळुरूमध्ये एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एका महिलेचा मृत्यू झाला. काही वेळाने त्याच मार्गाने आलेल्या आणि त्या अपघाताशी काहीही संबंध नसलेल्या टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर नायजेरियन रहिवाशांविरुद्ध अफवा पसरल्या आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. भारतातील आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी या हल्ल्यांना वांशिक आणि परकीयद्वेषी म्हटले. दोन्ही घटनांत जमावाच्या दृष्टीने व्यक्तीचे वेगळे अस्तित्व उरले नव्हते; वर्ण हाच पुरावा मानला गेला होता.

सुरक्षा आणि संशय

१३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातील कोरेगाव पार्क भागात जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट होऊन १७ जणांचा मृत्यू झाला. मृतांत परदेशी नागरिकांचाही समावेश होता. या घटनेनंतर भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याविषयीचा आग्रह वाढला. परदेशी तरुणांना या हल्ल्याची झळ बळी म्हणून पोहोचली होती. तरी पुढील काळात वाढलेल्या पडताळणीचा आणि संशयाचा भारही त्यांच्यावर पडला.

मीरा-भाईंदर परिसर

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे पुण्यासारखे विद्यापीठीय शहर नाही. त्याची वाढ मुंबईला जोडणाऱ्या पश्चिम रेल्वेमुळे आणि तुलनेने स्वस्त घरांमुळे झाली. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. उत्तन, राई, मुर्धे आदी गावांतील कोळी, आगरी आणि ख्रिस्ती समाज येथील मूळ रहिवासी होत. उरलेले बहुसंख्य नागरिक मुंबईतून, गुजरात-राजस्थानातून, उत्तर भारतातून आणि महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतून आलेले आहेत. त्यामुळे येथे परदेशी भाडेकरूला हरकत घेणारा रहिवासी स्वतःही बहुधा एक-दोन पिढ्यांपूर्वीचा स्थलांतरित असतो.

अशा शहरात परदेशी तरुणाची ओळख महाविद्यालयामुळे होत नाही. ती इमारतीच्या जिन्यात, लोकलच्या डब्यात आणि बातम्यांमधून होते. २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्यान्वित झाले. या पट्ट्यात मुदत संपलेल्या व्हिसावर राहणाऱ्या किंवा अमली पदार्थांच्या प्रकरणांत सापडलेल्या परदेशी नागरिकांवर पोलीस कारवाया झाल्या असून त्यांच्या बातम्यांचा परिणाम वैध कागदपत्रे असलेल्यांवरही होतो. अविवाहित तरुण, मांसाहारी कुटुंबे आणि विशिष्ट धर्माचे वा प्रांताचे लोक यांनाही मुंबई महानगर परिसरात घरे नाकारली जातात. परदेशी विद्यार्थ्याला मिळणारा नकार हा या व्यापक सवयीचाच एक भाग आहे. फरक इतकाच की, येथील नागरिकाला तक्रार कोठे करावी हे ठाऊक असते आणि पाठीशी नातेवाईक असतात. परदेशी विद्यार्थ्याला व्हिसा धोक्यात येण्याची भीती वाटत असल्याने तो बहुधा गप्प राहतो.

परदेशातील मराठी विद्यार्थी

यजमान समाजाच्या वृत्तीचे महत्त्व मराठी समाजाने पाहुण्याच्या बाजूनेही अनुभवले आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. तेथील नियतकालिकात छापलेला त्यांच्याविषयीचा पत्रव्यवहार वाचून न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथील श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना पत्र लिहिले होते. आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनीच त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. साडी आणि शाकाहार न सोडता आनंदीबाई शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथे त्यांना अस्पृश्यतेविना वावरता आले. मायदेशी परतल्यावर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीसाठी गेले असता मात्र त्यांना राहण्यास जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला होता, तेथूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. परकेपण देशाबाहेरच वाट्याला येते असे नाही, हे या अनुभवाने दाखवून दिले.

अलीकडच्या काळातील एक घटना पुण्याच्या स्मरणात आहे. २६ डिसेंबर २०११ रोजी इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे लँकेस्टर विद्यापीठात शिकणाऱ्या पुण्याच्या एका विद्यार्थ्याची अनोळखी तरुणाने गोळी झाडून हत्या केली. मारेकऱ्याला २०१२ मध्ये जन्मठेप झाली आणि किमान तीस वर्षे तुरुंगवास ठरवण्यात आला. सॅल्फर्डमधील रहिवाशांनी त्या विद्यार्थ्याला श्रद्धांजली वाहिली. परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलाला तेथील शेजाऱ्यांनी सांभाळून घ्यावे, ही अपेक्षा पुण्यातील किंवा मीरा रोडच्या पालकांना असते. खार्टूम, काबूल आणि नैरोबी येथील पालकांचीही महाराष्ट्राकडून हीच अपेक्षा असते.